दिवाणचा डबा

दिवाणनं त्या आठवड्यात सोनुबाईची तंबाखूची सुपली खाल्ली, बेबीच्या ड्यूटीच्या पांढऱ्या चपलांपैकी डावी खाल्ली आणि रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना दोरीवर वाळत घातलेल्या सत्याप्पाच्या खाकी शर्टाची कॉलर खाल्ली. कॉलर तेवढी खाल्ली. बाकीचा शर्ट त्यानं जसाच्या तसा ठेवला, जणू आपल्याला नेमकं काय आवडतं हे त्याला घरच्यांच्या लक्षात आणून द्यायचं होतं.

सत्याप्पा मधाळे निपाणीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होता. त्याच्या आईनं, सोनुबाईनं, उभा जन्म विड्या वळून त्याला शिकवलं होतं आणि मधाळ्यांच्या घरात सरकारी खाकी पहिल्यांदा चढली होती ती त्याच्याच अंगावर. त्यामुळं शर्टाची कॉलर हा त्या घरात साधा विषय नव्हता. बिनकॉलरचा शर्ट हातात धरून सत्याप्पा अंगणात बराच वेळ उभा राहिला. दिवाण शेपूट हलवत त्याच्यासमोर बसला होता.

"ह्याला कुठंतरी सोडून या," सत्याप्पाची बायको बेबी म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि रात्रपाळी करून आल्यावर तिची बोलण्याची पद्धत थोडक्यात आटपण्याची असे. "तुमच्या कोल्हापूरच्या गाडीत बसवा आन कागलला उतरवा."

"तुझ्याच भावानं दिलंय. त्यालाच इचार."

बेबीचा भाऊ भीमाप्पा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन बेळगावात राहत होता. दिवाण हे त्याचंच देणं. आई गावठी आणि बाप पलटणीतला अल्सेशियन, त्यामुळं कान उभे, छाती रुंद आणि डोळ्यांत सतत कसलातरी हिशेब चाललेला. पुढच्या रविवारी भीमाप्पा निपाणीला आला, चहा पीत त्यानं सगळी तक्रार ऐकून घेतली, सुपलीचे अवशेष बघितले, कॉलर नसलेला शर्ट बघितला आणि कप खाली ठेवला.

"दाजी, कुत्र्याचं कायबी चुकल्यालं न्हाय."

"मग कुणाचं चुकलंय?"

"ह्याच्या बापाला रोज काम हुतं. वास काढायचा, माग काढायचा, लपीवल्यालं हुडकायचं. ह्याला तुमी ताटलीत भाकरी टाकता, दोन घासात संपतीया. मग सांज हुईस्तवर ह्यानं करायचं काय? डोस्क्याला काम न्हाय ह्याच्या."

"मग काय शाळंत घालू?"

"ह्याला नगं. भाकरीला घाला, डब्यात," भीमाप्पा म्हणाला. आणि त्यानं समजावून सांगितलं. रिकामा डबा घ्यायचा, त्याला भोकं पाडायची, आत भाकरीचे तुकडे टाकून झाकण लावायचं आणि डबा कुत्र्यापुढं सोडून द्यायचा. डबा लोळवला, पालथा केला, की एकेक तुकडा पडतो. कुत्रं विचार करतं. विचार करून दमतं. दमलं की झोपतं.

सत्याप्पानं डालड्याचा एक डबा घेतला आणि खिळ्यानं त्याला बोट जाईल एवढी भोकं पाडली. दिवाणनं आधी डब्याचा वास घेतला, मग पंजानं ढकलला, मग नाकानं लोळवला. पहिला तुकडा पडला तेव्हा त्यानं मान वाकडी करून आधी तुकड्याकडं आणि मग सत्याप्पाकडं बघितलं. त्या दुपारी मधाळ्यांच्या घरात कुणीही काहीही खाल्लं नाही, म्हणजे खायला नको ते. बेबी गाढ झोपली. सोनुबाई उंबऱ्यात बसून राहिली. विड्या वळायची आता तिला गरज नव्हती, पण बोटांना सवय होती. समोर कुत्रं डब्याशी झटतंय आणि आपण विडी वळतोय, हे तिला बरं वाटलं. घरात आपल्यासारखं काम करणारं दुसरं कुणीतरी आहे, असं ती शेजारणीला म्हणालीसुद्धा.

पण दिवाण हुशार होता. थोड्याच दिवसांत तो डबा आल्या आल्या रिकामा करू लागला आणि पुन्हा चपलांकडं बघू लागला. मग सत्याप्पानं भोकं कमी केली. दिवाणनं झाकण दातानं उपसायला शिकून घेतलं. सत्याप्पानं झाकण सुतळीनं बांधलं, दिवाणनं सुतळी कुरतडली. आता सत्याप्पालाही त्यात रंग चढला. दिवसभर खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन दिव्याखाली पक्कड घेऊन बसू लागला. जेवायला हाक मारली तरी त्याला ऐकू जाईना.

"कुत्र्याचं ऱ्हाऊ दे," बेबी म्हणाली, "तुमच्या डोस्क्याला काम लागलं."

शेवटी डेपोतल्या भंगारातून त्यानं हॉर्नची जुनी तांबडी वायर मागून आणली. ती डब्यावर आडवी-उभी घेऊन वर मधोमध पिळली आणि पिळाची टोकं फुलासारखी फाकवली. डबा दुपारी फरशीवर खडखडायचा आणि शेजारी तक्रार करायचे, म्हणून वायरीच्या आत गोणपाटाचा तुकडाही गुंडाळला. सोमवारी सकाळी हा डबा दिवाणपुढं ठेवताना सत्याप्पाला फार समाधान वाटलं.

"आज बस म्हणावं सांजंपातूर," असं आईला सांगून तो नवा शर्ट घालून ड्यूटीवर गेला. नवा अशासाठी, की त्या दिवशी बेळगावहून नाडगौडा साहेब तपासणीला येणार होते.

रघुवीर नाडगौडा हे विभागाचे मोठे अधिकारी. ते हसल्याचं डेपोत कुणाच्या आठवणीत नव्हतं. वरच्या जागेसाठी सत्याप्पाचं नाव गेलं होतं आणि त्यावर त्यांची सही व्हायची होती. त्यातच त्या उन्हाळ्यात दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये बाँब ठेवून बसगाड्यांत स्फोट झाले होते, आणि तेव्हापासून बेवारस वस्तूंबद्दल वरून एकामागून एक सूचना येत होत्या. सत्याप्पानं त्या सगळ्या पाठ केल्या होत्या. वेळ आलीच तर माईकवरून काय बोलायचं ते त्यानं मराठीत, कन्नडात आणि हिंदीत आरशासमोर म्हणून बघितलं होतं. वेळ यावी असं त्याला वाटत नव्हतं, पण तयारी वाया जाऊ नये असं मात्र वाटत होतं.

सकाळ त्यानं मुतारी धुऊन घेण्यात आणि फाटकाशी चुन्याच्या रेघा मारून घेण्यात घालवली. तो परत येऊन खिडकीत बसतो न बसतो तोच डोक्यावर वांग्यांची बुट्टी घेतलेली अंबुबाई समोर येऊन उभी राहिली. ती रोज कोल्हापूरच्या गाडीनं कागलच्या बाजाराला जायची.

"सायेब, त्या कडंच्या बाकड्याखाली कायतर हाय."

"काय हाय?"

"मला काय ठावं. गोणपाटात गुंडाळलंय. वर तांबडी वायर हाय." तिनं बुट्टी सावरली. "आन आतनं टकटक वाजतंय."

सत्याप्पानं मान बाहेर काढली. खिडकीतून त्याला फक्त बाकडं, त्याखालचा अंधार आणि अंधारात घुसलेली उन्हाची एक तिरीप दिसत होती. जवळ जाऊन बघावं असं त्याला क्षणभर वाटलं, पण सूचनेतलं पहिलंच वाक्य होतं की जवळ जाऊ नये. तो सूचना पाळणारा माणूस होता. त्यानं पोलीस ठाण्याला फोन केला, घसा साफ केला आणि माईक हातात घेतला.

"प्रवाशांनी घाबरू नये," तो म्हणाला.

पुढचं कन्नड आणि हिंदी म्हणायची गरजच पडली नाही. 'घाबरू नये' या शब्दांबरोबर स्टँड रिकामा व्हायला लागला. माणसं फाटकातून गेली, कुंपणावरून गेली, कँटीनच्या मागच्या मोरीतून गेली. कोल्हापूरच्या ड्रायव्हरनं गाडी रिव्हर्समध्ये टाकून थेट हायवेवर नेली. गाडीत प्रवासी नव्हते, पण टपावर मष्णू हमाल होता, तो एक ट्रंक चढवत होता. तो ट्रंकेला मिठी मारून बसला आणि त्या दिवशी ट्रंकेसकट सौंदलग्याला जाऊन पोहोचला.

हायवेवर गाड्या थांबल्या, त्यांच्यामागं तंबाखूचे ट्रक थांबले, ट्रकांमागं उसाच्या बैलगाड्या थांबल्या. बातमी त्या रांगेतून चालत गेली आणि वाटेत वाढत गेली. फाटकाशी ती डब्याची होती. पेट्रोल पंपापर्यंत तीन डबे झाले. तवंदी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या लोकांनी तर आवाज आपल्या कानांनी ऐकला होता आणि ते धूर कुठल्या बाजूला दिसतोय एवढंच एकमेकांना विचारत होते.

फौजदार आले. ते हुबळीकडचे, मराठी समजायचं, बोलताना मात्र अडखळायचे. त्यांनी दोर बांधून घेतला आणि वाळूची पोती मागवली. वाळूची पोती निपाणीत चटकन कुठून मिळणार? रस्त्यात अडकलेल्या ट्रकमधली तंबाखूची पोती उतरवून त्यांचीच भिंत रचली. तिच्यामागं बंदूकवाले शिपाई दबा धरून बसले आणि थोड्याच वेळात शिंकायला लागले. दोरापलीकडं हजारभर माणसं उभी होती. एक शिंक आली की सगळा जमाव मागं पळायचा, काही झालं नाही असं दिसलं की हळूहळू पुढं यायचा, आणि मग दुसरी शिंक यायची.

"बेळगाव मिलिटरीला फोन मी केलंय," फौजदार सत्याप्पाला म्हणाले. "एक्सपर्ट लोक निघालंय. ते येईतक कोणी हात लावायचं नाही."

त्याच सुमाराला नाडगौडा साहेब आले. त्यांची जीप पार मागं अडकली होती, त्यामुळं ते भर उन्हात चालत आले होते आणि त्यांच्या टोपीखालून घाम ओघळत होता. त्यांनी आधी रिकामा स्टँड बघितला, मग दोर, मग पोत्यांची भिंत. मग ते सत्याप्पासमोर उभे राहिले.

"हे सगळं तुम्ही केलं?"

"व्हय सर. सूचनेप्रमाणं केलं."

"स्टँड किती वेळात रिकामा झाला?"

"लगेच झाला सर."

साहेबांनी मान हलवली. "मधाळे, बेळगावात मी चार डेपोंची तालीम घेतली. एकालाही हे जमलं नाही. तुमचं नाव माझ्याकडं आलेलं आहे. मी ते विसरणार नाही."

सत्याप्पाला आयुष्यात एवढं चांगलं वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. त्या भरात तो पुढं झाला, दोन पोत्यांच्या फटीला डोळा लावला आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं ती वस्तू नीट बघितली. ऊन आता बाकड्याखाली पुरतं शिरलं होतं. गोणपाट एका बाजूनं फाटलं होतं आणि त्या फाटक्या जागेतून डालड्याच्या डब्यावरच्या चित्रातल्या माडाचा शेंडा दिसत होता. वर तांबडी वायर आडवी-उभी गेली होती आणि पिळाची टोकं फुलासारखी फाकवलेली होती.

तो फटीपासून बाजूला झाला. निपाणीत डालडा पुष्कळ घरांत येतो, त्यानं स्वतःला सांगितलं. तांबडी वायरही कुणाकडंही असते. पण ती टोकं तशी फाकवणारा माणूस निपाणीत एकच होता आणि त्याचं नाव वरच्या जागेसाठी गेलं होतं.

"साहेब, माझं घर स्टँडच्या मागंच हाय," तो फौजदारांना म्हणाला. "बायको दवाखान्यात गेलीया, आई एकटी हाय घरात. तिला भायेर काढून येतो."

"बघा," साहेब फौजदारांना म्हणाले, "आधी ड्यूटी केली, मग आई आठवली."

सत्याप्पा मागच्या बोळातून जवळजवळ पळतच गेला. सोनुबाई उंबऱ्यात बसली होती. सगळी गल्ली रिकामी झाली होती, तिला मात्र कुणी हलवू शकलं नव्हतं.

"आये, डबा कुठं हाय?"

"कुठला?"

"कुत्र्याचा. सकाळी दिला त्यो."

"त्यो व्हय. लई झटलं बिचारं. लोळीवला, आपाटला, वायर चावली. न्हाईच उघाडला. मग तोंडात धरला आन गेलं भायेर."

"कुठं गेलं?"

"तुज्याकडं. आनी कुठं जातंय?" सोनुबाई म्हणाली. "ज्येनं बांधलाय त्योच सोडंल, असं वाटलं असंल त्येला. तू भेटला न्हाईस जणू. मघाशी माघारी आलं ते तोंड पाडून बसलंय बाजंखाली."

सत्याप्पा तिथंच पायरीवर बसला. सकाळी तो फाटकाशी चुन्याच्या रेघा मारून घेत होता, तेव्हा दिवाण रिकाम्या खिडकीपाशी येऊन गेला असणार. वाट बघितली असणार. मग नेहमी ज्या बाकड्याच्या सावलीत तो बसायचा, तिथं डबा ठेवून परत फिरला असणार. सत्याप्पानं आईला सगळं सांगितलं. दोर, पोती, बेळगावचा फोन, साहेबांचं ते वाक्य.

"मग जाऊन सांग की, माजा डबा हाय म्हणून."

"नोकरी जाईल, आये. सगळा हायवे बंद पाडलाय म्या. पलटण निघालीया बेळगावास्नं."

"मग तर लौकर सांग." सोनुबाईनं वळलेली विडी नव्या सुपलीत ठेवली. "नोकरी गेली तर मी हाय, बोटं चालत्यात अजून. पर पलटणीला भाकरीवर गोळी घालाय लावतूस व्हय? उठ."

तो उठला. त्याच्यामागं सोनुबाई उठली. बाजेखालून दिवाणही उठला, पण त्याच्याकडं दोघांचंही लक्ष गेलं नाही.

दोरापाशी पोहोचल्यावर सत्याप्पा सरळ साहेबांकडं गेला. बोळातून येताना त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं. "सर, त्या डब्याबद्दल मला एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"एक मिनिट मधाळे," साहेब म्हणाले. त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. सगळ्यांचंच लक्ष दुसरीकडं होतं. जमावातून एक बारीक हुंकार उठला.

दिवाण दोराखालून पलीकडं गेला होता. रिकाम्या स्टँडवरून तो शेपूट वर करून, कुठलीही घाई नसल्यासारखा बाकड्याकडं निघाला होता.

"नायी, नायी," फौजदार कन्नडात पुटपुटले. कुत्रं, कुत्रं. "ते डबा हलवणार. शूट मार." एका शिपायानं पोत्यावर बंदूक टेकवली. त्याच वेळी त्याला शिंक येऊ लागली, म्हणून तो थांबला. त्या एका शिंकेच्या अवधीत सत्याप्पानं दोर ओलांडला.

"गोळी घालू नका," तो चालता चालताच म्हणाला. "कुत्रं माझं हाय."

"मधाळे, मागं या," मागून साहेबांचा आवाज आला. तो आवाज नेहमीसारखा नव्हता. "मधाळे, हा हुकूम आहे."

आयुष्यात पहिल्यांदा सत्याप्पानं हुकूम ऐकला आणि पाळला नाही. रोज ज्या फरशीवरून तो शिट्टी वाजवत फिरायचा ती आता त्याला मैदानाएवढी वाटत होती. आपलाच डबा आहे, आत भाकरी आणि गूळ आहे, हे तो मनाशी घोकत होता. बाकड्यापासून चार पावलांवर आला आणि त्याला तो आवाज ऐकू आला.

टक्.

सत्याप्पा थांबला. त्याच्या डब्यात वाजणारं काही नव्हतं. भाकरी टकटक करत नाही, गूळही करत नाही. पुन्हा आवाज आला, टक्, मग थोड्या वेळानं आणखी एकदा. डबा सकाळपासून इथं पडून होता. मधल्या वेळात कुणी त्यात काही ठेवलं असेल तर? मागं हजार माणसं होती आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता.

दिवाणला यातलं काही माहीत नव्हतं. मालक आला, एवढं त्याला पुरेसं होतं. त्यानं नाकानं डबा ढकलला. डबा गडगडत सत्याप्पाच्या बुटाला येऊन लागला आणि जमावातल्या कुणीतरी देवाचं नाव घेतलं. सत्याप्पानं डोळे मिटून घेतले. मग उघडले. आपण अजून उभे आहोत हे बघून तो खाली बसला आणि त्यानं डब्याला हात लावला.

डबा चांगलाच तापला होता. उन्हात ठेवलेल्या पत्र्यासारखा. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून बाकड्यामागच्या सावलीत धरला. टक्, असं पुन्हा वाजलं, जरा सावकाश. मग आणखी सावकाश. मग थांबलं. घरच्या पत्र्याचं छप्पर दुपारी असंच तडतडतं आणि ऊन कललं की गप्प होतं, हे सत्याप्पा लहानपणापासून ऐकत आला होता.

त्यानं भिंतीला पाठ टेकली. वायरीचा पीळ सोडायला त्याला वेळ लागला, कारण पीळ त्यानं फार मन लावून घातला होता. दिवाणनं त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवला होता आणि तो बोटांकडं एकटक बघत होता, पुढच्या खेपेला कामी येईल म्हणून. झाकण निघालं. सत्याप्पानं डबा पालथा केला. गूळ लावलेले भाकरीचे तुकडे फरशीवर पडले आणि दिवाण ते खायला लागला. एवढ्या शांततेत त्याच्या चावण्याचा आवाज पार दोरापर्यंत ऐकू गेला.

पोत्यांमागं कुणीतरी शिंकलं. या वेळी कुणी पळालं नाही.

"म्हंजे भाकर हुती व्हय?" अंबुबाईनं विचारलं. "मग माजी गाडी कुठं गेली?"

त्यावर जमाव हसायला लागला आणि हसता हसता पुढं सरकला. फौजदार आणि नाडगौडा साहेब दोघं सगळ्यांच्या आधी सत्याप्पापाशी येऊन पोहोचले. फौजदारांनी काठीनं डबा उलटा-सुलटा करून बघितला.

"यारदु इदु?" त्यांनी विचारलं. कुणाचं हे?

सत्याप्पा उभा राहिला. "माझं हाय साहेब. कुत्र्यासाठी केलंय. त्याच्या डोस्क्याला काम म्हणून. म्याच बांधलं आन म्याच फोन केला."

फौजदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बेळगावला, धारवाडला आणि आणखी कुठंकुठं त्यांनी किती फोन केले होते ते त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून जात होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब मध्ये आले.

"फौजदार, बेवारस वस्तू सापडली. नियमाप्रमाणे स्टँड रिकामा केला. वस्तू तपासली, ती निरुपद्रवी निघाली. कुणाला इजा नाही. यात काही खोटं आहे का?"

फौजदारांनी विचार केला. "खोटं नाही."

"मग मधाळे जास्तीचं खरं कशाला सांगतायत? त्यांना ऊन लागलंय. पाणी द्या त्यांना."

फौजदारांनी एकदा साहेबांकडं, एकदा डब्याकडं बघितलं आणि संकेश्वरला फोन करून मिलिटरीची गाडी तिथूनच परत फिरवायला ते लगबगीनं निघून गेले. शिपाई पोती ट्रकवर चढवू लागले. लोकांनी सत्याप्पाला गराडा घातला. छातीचा माणूस, असं कुणी म्हणालं. कुत्रंबी तसलंच हाय, असं दुसरं कुणी म्हणालं. सत्याप्पाचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. त्याला फक्त साहेबांचा चेहरा दिसत होता आणि त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मधाळे," साहेब म्हणाले, "तो डबा घ्या आणि माझ्याबरोबर जीपपर्यंत चला."

ती वाट सत्याप्पाला मघाच्या फरशीपेक्षाही लांब वाटली. लोकांसमोर अब्रू राखली, आता एकटं गाठून सांगणार. निलंबन, चौकशी, बदली. लोंढ्याला टाकतील बहुतेक, नाहीतर नंदगडला. जीपपाशी आल्यावर साहेबांनी ड्रायव्हरला रस्ता मोकळा झाला का बघून यायला पाठवलं, तो पुरेसा लांब गेल्याची खात्री केली आणि टोपी काढली. टोपीच्या काठाचा एक भाग गायब होता. घामामुळं म्हणा किंवा भीतीमुळं म्हणा, सत्याप्पाला तो आधी दिसला नव्हता.

"आमच्या मिसेसनी एक पॉमेरियन आणलंय," साहेब टोपीकडं बघत म्हणाले. "पांढरं. एवढंसं. त्यानं आधी कोच खाल्ला. मग चष्म्याची पेटी. गेल्या आठवड्यात ही. डॉक्टर म्हणतात तब्येत उत्तम आहे. घरात मी काही बोललो की मी कुत्र्यावर राग धरतो असं होतं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तो डबा दाखवा जरा."

सत्याप्पानं डबा पुढं केला. साहेबांनी तो हातात फिरवून बघितला, भोकांत बोट घालून बघितलं, झाकण लावून काढलं.

"याचं खाणं खरंच थांबलं?"

"पहिल्याच दिवशी थांबलं सर. दमून झोपतंय."

"भाकरी नुसतीच घालायची की गूळ लावून?"

"सुरवातीला गूळ लावायचा सर. मग कमी करत जायचं. भोकं बी आधी मोठी ठेवायची, लगीच नाराज व्हायला नगं."

"बरोबर," साहेब गंभीरपणे म्हणाले. "आणि वायर?"

"वायर नका लावू सर."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांच्या ओठांचं एक टोक किंचित हललं, पण ते हसू होतं असं सत्याप्पा पुढं कधीच खात्रीनं सांगू शकला नाही. ड्रायव्हर परत येताना दिसला तसं साहेबांनी टोपी डोक्यावर घातली, डबा बॅगेत ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "ही वस्तू मी तपासणीसाठी बेळगावला नेतोय. तुमचा अहवाल पाठवा."

जीप हायवेच्या गर्दीत शिरली. तिच्यामागं एकेक करून बसगाड्या स्टँडवर परत यायला लागल्या. सोनुबाई फाटकापाशी दिवाणच्या मानेवर हात ठेवून उभी होती.

"गेली?" तिनं विचारलं.

"नोकरी हाय," सत्याप्पा म्हणाला. "डबा गेला."